परक्या वासरीला पान्हा

लम्पीच्या साथीत आमची एक गाय मेली आणि तिची आठ दिवसांची वासरी माझ्या गळ्यात पडली. माझं सासर साक्रीजवळच्या खेड्यात. मी मूळची धुळ्यातल्या देवपूरची, लग्नाआधी गाईला हातसुद्धा न लावलेली. नवरा जळगावला पाइपांच्या कारखान्यात, रविवारी यायचा. एरवी घरात मी आणि माझे सासरे, आबा.

वासरी बाटलीने नीट पीत नव्हती. जास्त पाजलं की हगवण, कमी पाजलं की उभी राहीना. माझ्या जुन्या शालीत गुंडाळून मी तिला मांडीवर घेऊन बसायची. गोठ्यातली दुसरी गाय, तांबडी, आठवड्याभरात विणार होती. तिच्याखाली हिला लावू, असं आबा म्हणाले. मला वाटलं, दोन्ही वासरं पितील.

भर दुपारी तांबडी व्याली. आबांनी वासरू मागून ओढून घेतलं, शेपटी उचलून बघितलं, पोत्याने पुसलं आणि गाईने मान वळवायच्या आत माझ्या हातात दिलं.

"गोऱ्हा शे," ते म्हणाले. "चाळमा ठेव. तिले सुंगू दिऊ नको."

ते ओलं, गरम वासरू छातीशी धरून मी मागच्या रिकाम्या कांदाचाळीत नेऊन ठेवलं. परत आले तोवर आबांनी वासरीचे पाय बांधून तिला आडवी केली होती, नुकतीच जन्मल्यासारखी. विताना पडलेलं पाणी त्यांनी घमेल्यात धरलं होतं, ते तिच्यावर ओतलं. गोऱ्ह्याला पुसलेलं पोतं तिच्या पाठीवर, तोंडावर घासलं. मग तिला तांबडीपुढे सरकवलं. गाईने बराच वेळ वास घेतला आणि चाटायला लागली.

पण पाय सोडल्यावर वासरी उठली आणि कासेला ढुशी दिली, तशी तांबडीने तिला लाथ घातली. वासरी गव्हाणीवर आदळली. तेवढ्यात चाळीतून गोऱ्हा ओरडला. तांबडीचे कान तिकडे वळले. आबांनी तिचे मागचे पाय दाव्याने आवळले, मान खुंट्याशी जखडली आणि मला सांगितलं, जाऊन त्याचं तोंड बांध.

आधी थोडा चीक पाजू का, असं मी विचारलं.

"दूध पाजशी तर त्याले आवाज येई," आबा म्हणाले.

ते चिडले नव्हते. ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्हा कोणी घेत नाही, आणि स्वतःच्या वासराचा वास लागला की गाय दुसरं धरत नाही, हे त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं. मी नाही म्हणू शकले असते. लपून बाटली देता आली असती, आबा सकाळी डेअरीवर जायचे तेव्हा. पण वासरी माझी होती, आणि मला ती जगायला हवी होती.

मी चाळीत गेले. गोऱ्ह्याने सड समजून माझं बोट तोंडात घेतलं आणि चोखायला लागला. मी बोट काढून घेतलं आणि सुतळी बांधली.

तो तिसऱ्या दिवशी मेला. त्या दिवशी रविवार होता. आबांनी त्याला बांधावर पुरलं आणि तासाभराने नवरा आला. तांबडीला काय झालं, गोऱ्हा की वासरी, असं त्याने विचारलं.

"मरेलच व्हतं," आबा म्हणाले.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मीही हो म्हणाले, मेलेलंच जन्मलं.

पुढे दोन दिवस तांबडीने पाय बांधल्यावरच पाजलं. आबा वासरीच्या पाठीवर मीठ आणि गूळ चोळायचे, तांबडी तेवढं चाटून तोंड फिरवायची. बुधवारी सकाळी आबांनी दावं सोडलं. वासरी कासेला लागली. तांबडीने पाय उचलला नाही, पान्हा सोडला, मान वळवून तिची शेपटी चाटत राहिली. शेजारचं कुत्रं दाराशी आलं, तर तिने शिंगं खाली केली.

मी चाऱ्याची पेंढी हातात धरून बघत होते. मला आनंद झाला होता, हे नाकारत नाही. घरात जाऊन मी नवऱ्याला फोन लावला आणि सांगितलं, वासरी जगली.