विमानाविरुद्ध अर्ज

आमच्या घरातलं नेट विमानामुळे जायचं. हा शोध आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. बेळगावजवळच्या सांबऱ्यात राहिल्यावर असा शोध लागणं अवघड नाही. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या भिंतीला तडा गेला, कुणाला झोप लागेना, की माणूस आधी वर बघतो. विमानतळ शेजारीच असल्याने वर अधूनमधून काहीतरी जातच असतं.

आप्पा बेळगावात कोर्टात कारकून होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण अजून त्यांना घरातली प्रत्येक गोष्ट दाव्यासारखी दिसते. मांजराने दूध सांडलं तरी आधी साक्षीदार कोण ते विचारतात.

त्या उन्हाळ्यात मला घरबसल्या एक काम मिळालं होतं. इंग्लिश व्याख्यानांच्या व्हिडिओखाली जी अक्षरं येतात, ती ऐकून तपासायची आणि चुका दुरुस्त करायच्या. कुणाशी बोलायचं नाही, कुणाला तोंड दाखवायचं नाही. असं काम जगात असतं हे कळल्यावर मला जगाबद्दल जरा बरं वाटलं. पहिला महिना परीक्षेचा होता. डेस्कटॉप स्वतःचा हवा, नेट घरचं हवं, मोबाईलचं चालणार नाही. आणि कामाच्या वेळेत नेट दहा वेळा तुटलं की परीक्षा संपली. किती वेळा तुटलं याचा आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल रंगात दिसायचा.

काम गेलं तर पुढे काय, याची सोय आप्पांनी करून ठेवली होती. त्यांच्या एका मित्राने बेळगावात इंग्लिश स्पीकिंगचा क्लास काढला होता आणि तिथे माझ्यासाठी जागा होती. चाळीस जणांसमोर उभं राहून मी त्यांना न घाबरता कसं बोलायचं ते शिकवायचं. मी बसमध्ये तिकीट मागण्याआधीसुद्धा मनात एकदा वाक्य म्हणून बघते.

"इंग्लिश मीडियमची पोरगी हाय," आप्पा मित्राला फोनवर सांगत होते. "उभी केली की आपोआप बोलंल."

कॉम्प्युटर त्यांनी मुहूर्त बघून आणला आणि स्वतः जोडला. माजघरातल्या टेबलाच्या कप्प्यात सीपीयू ठेवला, पाठ भिंतीकडे. वरचं प्लास्टिक काढलं नाही. ते अजून तसंच आहे. राऊटर मात्र सोप्यात, पुढच्या दाराजवळ, येणाऱ्याला आधी दिसेल असा भिंतीवर लावला आणि त्याला झेंडूची माळ घातली. सोपा आणि माजघर यांच्यामध्ये देवघर. म्हणजे इंटरनेटला माझ्यापर्यंत यायचं तर सगळे देव ओलांडून यावं लागे.

पहिल्या दिवशी ते दोनदा तुटलं. रेंजची एकच काडी दिसायची, तीही पणतीसारखी फडफडत. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास डोक्यावरून विमान गेलं आणि नेटही गेलं. आप्पा अंगणातून आत आले. त्यांच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते समाधान होतं.

"गेलं का नेट?"

मी मान हलवली.

"विमान आलतं."

त्या दिवसापासून त्यांनी वही सुरू केली. पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे विमान, उजवीकडे नेट, पुढे वेळ. पहिला आठवडा संपला तेव्हा माझा लाल आकडा चारवर होता आणि आप्पांचा खटला मजबूत होत चालला होता.

गंमत अशी की वही खोटी नव्हती. नेट गेलं तेव्हा चारपैकी तीनदा वर खरंच विमान होतं. मी बोलत नसल्यामुळे मला बघायला भरपूर वेळ मिळतो. विमानाचा आवाज आला की आप्पा वही घेऊन उठत आणि पुढचं दार सताड उघडून अंगणात जात. ते दार लोखंडी पत्र्याचं. ते मागे जाऊन भिंतीला टेके, नेमकं राऊटरवर. झेंडूच्या माळेसकट राऊटर दाराआड. मग आप्पा वर बघून वेळ लिहीत आणि आत येऊन मला विचारत, गेलं का?

हे मी त्यांना सांगितलं का? नाही. वडिलांना, तुम्ही बघायला जाता म्हणून नेट जातं, असं सांगायला जी भाषा लागते ती मला कुठल्याच मीडियममध्ये शिकवलेली नाही. आप्पा अंगणात गेले की मी मागून दार लोटून घ्यायला लागले. तरी नेट जायचंच, फक्त थोडं कमी. म्हणजे मूळ दुखणं दुसरीकडे होतं.

दुसऱ्या आठवड्यात आप्पांनी मला कंपनीला फोन लावायला बसवलं. कन्नडसाठी एक दाबा, इंग्लिशसाठी दोन, हिंदीसाठी तीन.

"मराठीला आकडाच न्हाय," आप्पा म्हणाले. त्यांना कन्नड उत्तम येतं, कोर्टात त्यांनी जन्मभर तेच लिहिलं. पण घरच्या फोनवर एक दाबणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. "तू दोन दाब."

मी दोन दाबलं. पलीकडे माझ्याच वयाची, माझ्याहून दमलेली एक मुलगी आली. तिने राऊटर बंद करून परत चालू करायला सांगितलं. मी हळू आवाजात यस म्हणाले. आई पदराला हात पुसत येऊन उभी राहिली, आप्पा खुर्ची ओढून बसले. घरात इंग्लिश ऐकायला मिळण्याचा योग क्वचितच येतो.

"मोठ्यानं बोल की गं," आप्पा म्हणाले. "विमानाचं सांग तिला."

"सांगते."

"मग सांग की. नुसतं यस यस काय करतीस?"

मी विमानाचं सांगितलं नाही. त्या मुलीने माणूस पाठवते म्हणून सांगितलं.

माणूस म्हणजे गावातले केबलवाले अण्णा. त्यांनी राऊटरखाली उभं राहून आपला मोबाईल वर धरला. "बघा, फुल्ल हाय. राऊटर सरी हाय, काही बिघाड न्हाय."

"आणि आत?" आप्पांनी विचारलं.

"आत तुमचं." केबलवाल्यांची हद्द राऊटरपाशी संपते, हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की सीमाप्रश्नावरही त्यांनाच नेमावं असं वाटलं. जाता जाता म्हणाले, "वायर ओढू का आत? भिंतीला एक भोक, प्रश्न मिटला."

"ती भिंत देवघराची. देवाच्या पाठीत भोक पाडू व्हय?"

"मग न्हाय." अण्णा चहा पिऊन गेले. लाल आकडा सात झाला होता.

त्याच संध्याकाळी मी मोबाईलवर वाचत बसले. ज्या डेस्कटॉपमध्ये वायफाय आतच बसवलेलं असतं, त्याच्या पाठीला पितळेची दोन टोकं असतात आणि त्यांवर दोन छोट्या अँटेना फिरवून बसवायच्या असतात. त्या खोक्यात सुट्या येतात. नसल्या तर नेट जेमतेम लागतं आणि सारखं तुटतं. मी टेबलामागे हात घातला. पितळेची दोन टोकं हाताला लागली, बोडकी.

"आप्पा," मी विचारलं, "खोक्यात दोन काळ्या दांड्या होत्या का?"

आप्पा शेजाऱ्याला वही वाचून दाखवत होते. "हां हां, बघू," म्हणाले. मी परत विचारलं नाही. एकदा विचारणं हा प्रश्न, दुसऱ्यांदा विचारणं हे भांडण, असं मला लहानपणापासून वाटतं. माळ्यावर चढून खोकं बघितलं. नुसतं थर्मोकोल. दुकानाने दिल्याच नसतील असं धरून चालले आणि दुकानाला फोन करण्याचं धाडस गोळा करायला लागले. त्यात तीन दिवस आणि दोन आकडे गेले.

नऊ. आणखी एकदा तुटलं की मी क्लासमध्ये.

आप्पांनाही आकडा दिसत होता. त्यांनी शेवटचा उपाय काढला. "अर्ज द्यायचा. विमानतळाच्या मोठ्या साहेबाला. मी सांगतो, तू इंग्लिशमध्ये लिही."

ते येरझाऱ्या घालत सांगू लागले. अर्जदार सदर ठिकाणी वाडवडिलांपासून राहत असून, विमानांच्या वारंवार जाण्यायेण्याने अर्जदाराच्या कन्येच्या उपजीविकेस बाधा येत असून. मला इंग्लिशमध्ये अर्ज एकच येतो: ताप आल्याने दोन दिवसांची रजा मिळावी. शाळेने बारा वर्षांत तेवढाच शिकवला. त्यामुळे विमानतळाला लिहिलेल्या अर्जातही मी सुरुवातीला नम्रपणे विनंती केली आणि शेवटी आपली आज्ञाधारक म्हणून सही केली. मधल्या मजकुरात विमानांना ताप आल्यासारखं वाटत होतं. आप्पांनी ऐकून मान डोलावली.

"आता राहत्या जागेचा पुरावा जोडायचा. उतारा काढ गं तिजोरीतला," त्यांनी आईला हाक मारली.

आईने कपाट उघडलं आणि आतली तिजोरी उघडली. मी मागे उभी होते. उताऱ्याच्या फाईलवर, तिच्या पाटल्यांच्या डबीशेजारी, एक प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत दोन काळ्या दांड्या. वर चिठ्ठी चिकटवलेली, आप्पांच्या वळणदार अक्षरात: संगणक, जादा सामान, नग दोन.

"हे काय?" मी आईला विचारलं.

"कंप्युटरचं काय की. हरवंल म्हणून ह्यांनी आल्या दिवशीच ठेवलंय."

कोर्टात मुद्देमाल असाच ठेवतात, सीलबंद, निकाल लागेपर्यंत.

दुपारी आप्पा उताऱ्याची झेरॉक्स काढायला गेले. मी टेबलाखाली आडवी होऊन दोन्ही दांड्या फिरवून बसवल्या. वर आले तर चार काड्या. पुढचं दार सताड उघडून ठेवलं. चारच. अडीच वाजता विमान आलं, गेलं. व्हिडिओतला माणूस अर्थशास्त्रावर बोलत राहिला, एका शब्दालाही न अडखळता.

आप्पांनी परत येऊन झेरॉक्स माझ्याकडे दिली. दुसऱ्या दिवशी विचारलं, "गेला का अर्ज?"

मी मान हलवली. ती कुठल्या दिशेला हलली ते आप्पांनी आपल्या सोयीने वाचलं.

"पोच घे त्याची."

"येईल."

आकडा नऊवरच राहिला. महिना संपला, काम कायम झालं. तेवढ्यात गावभर झालं की आप्पांच्या पोरीने इंग्लिशमध्ये असा काही अर्ज लिहिला की विमानतळवाले सरळ झाले. पलीकडच्या गल्लीतली आक्का म्हशीच्या दुधासाठी अर्ज लिहून घ्यायला आली. आणखी एकाला छताच्या तड्यासाठी हवा होता. मी सगळ्यांना लिहून दिले, नम्रपणे विनंती आणि आज्ञाधारक. शाळेतल्या रजेच्या अर्जाचा इतका उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

मग खंडेनवमी आली. आप्पांनी कोयता, फवारणीचा पंप, मोटरसायकल पुजली आणि हळदकुंकवाचं ताट घेऊन माजघरात आले. पुजायला म्हणून त्यांनी सीपीयू टेबलाच्या कप्प्यातून पुढे ओढला आणि जरासा फिरवला. पाठीवर दोन काळ्या दांड्या उभ्या होत्या.

मी खुर्चीत बसून होते. आप्पांनी वाकून त्या बोटाने मोजल्या, नग दोन. मग त्यांनी एका दांडीला कुंकू लावलं, दुसरीला लावलं, दोघींवर एकेक झेंडू ठेवला आणि सीपीयू परत होता तसा आत ढकलला, पाठ भिंतीकडे.

प्रसादाला शेजारी आले होते. त्यांनी सोप्यातून विचारलं, "त्या विमानाच्या खटल्याचं काय झालं शेवटी? तुमच्या बाजूनं लागला का?"

आप्पांनी ताट खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"आपसात मिटला," म्हणाले.