दोन हात वळचण

ऑफिसात शिरला की तो आधी बोट जिभेला लावायचा आणि ते वर धरून उभा राहायचा. नमस्कार-बिमस्कार त्यानंतर. "आधी वारा विचारा, मंग भिंत," हे त्याचं ठरलेलं वाक्य. सुरगाण्याकडचा गवंडी, मातीच्या भिंती लिंपण्यात सारा जन्म गेलेला. आमच्या एसीच्या खोलीतसुद्धा बोट वर. ऑफिसातले विचारायचे, "काय मामा, वारा कुठला?" तो गंभीरपणे सांगायचा, "ह्यो त्या डब्यातला." सगळे हसायचे. मीही हसायचे, आता कशाला लपवू.

मी नाशिकच्या एका आर्किटेक्टकडे नव्वदच्या सुमारास लागले, तेव्हा शाईनं नकाशे काढायचे. कॉम्प्युटर आला तो बघून बघून शिकले, कुणी शिकवलं नाही. पुढे तर अख्खी इमारतच पडद्यावर उभी करायची पद्धत आली. ऊन कुठं येईल, दिवे किती लागतील, सगळं बांधायच्या आधी दिसायचं. साहेबांनी सुरगाण्याकडं एक मातीची शाळा घेतली होती, आणि ती सगळ्यांनी त्या मॉडेलसमोर एकत्र बसून आखायची असा त्यांचा हट्ट. इंजिनीअर, विजेचं काम बघणारे, मी, आणि हा. फक्त चपला त्याला एकट्यालाच बाहेर काढायला लावायचे. मशीनला धूळ लागते म्हणे. बाकीच्यांचे बूट आत चालायचे. तुम्हीही असली ऑफिसं पाहिली असतील.

त्यानं पडदा नीट बघितला आणि म्हणाला, "मागं वळचण तोकडी हाय. आमच्याकडं पाऊस डोंगराला धडकून मागून येतो. छप्पर दोन हात भाईर काढा."

दोन हात म्हणजे किती, मी विचारलं. त्यानं कीबोर्डशेजारी कोपर टेकून हात सरळ ठेवला. मी टेप लावली. बुटका माणूस, सतरा इंच भरला. दुप्पट करून चौतीस इंचांची वळचण मी मॉडेलला लावली, तर वर्गात अंधार. दिवसा दिवे लागणार असं दिसायला लागलं. आणि पावसाची माहिती घातली होती नाशिक शहराची, त्यामुळे पडद्यावर मागची भिंत वळचण न वाढवताही कोरडी ठणठणीत.

साहेब म्हणाले, "काढून टाका हो बाई ते." मी काढलं. पण ती फाईल वेगळी ठेवली. टाकून काही द्यायचं नाही, ही माझी जुनी खोड.

शाळा त्यानंच बांधली, लिंपली, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात मागची भिंत बसली. रविवार होता म्हणून पोरं वाचली. बैठकीला गावचे सरपंच आले. साहेबांनी मॉडेल गोल फिरवून दाखवलं, की इथं पाणी येतच नाही, म्हणजे लिंपणच कच्चं. सरपंच मान डोलवत होते. यापुढं पंचक्रोशीत कुणी त्याला भिंतीला हात लावू देईल की नाही, ते त्या खोलीत ठरत होतं.

तो माझ्याकडं वळला. "ताई, ते माझं छप्पर दावा ना यांना. तुमीच माझा हात मापला होता."

साहेबही माझ्याकडंच बघत होते. माझी नोकरीची दोन वर्षं उरली होती.

"ती फाईल राहिली नाही, मामा," मी म्हटलं.

"नसंल तर नाय," तो म्हणाला. बाहेर जाऊन खाली बसला, चपला घातल्या आणि गेला. परत आला नाही. वणीच्या बाजूला द्राक्षबागेत मजुरीला जातो, असं पुढं एका जीपवाल्याकडून कळलं. थापी सुटली ती सुटलीच.

भिंत पुन्हा बांधायला काढली, तेव्हा साहेब माझ्या टेबलापाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "मागची वळचण जरा वाढवून घ्या." मी जुनी फाईल उघडली. पाच मिनिटांचं काम.

नवा गवंडी कागद घेऊन आला. "बाई, चौतीस इंच? हे कुठलं माप? सरळ तीन फूट धरतो की."

"आहे तेवढंच ठेवा," मी म्हटलं. "कॉम्प्युटरनं काढलंय."