दीपगृहाचं मशीन आणि कुडपणची विहीर

“दत्ताराम, तुमचं मशीन दमतंय,” दीपगृह खात्याचे साहेब स्टॉपवॉच दाखवत म्हणाले. आम्ही कुडपणला माझ्या सखूआत्याच्या विहिरीवर उभे होतो. तिसरी टेस्ट फेल गेली होती.

मी महाडचा घड्याळजी. समुद्रात आत, खडकांच्या बेटांवर एक जुनं दीपगृह आहे. तिथला दिवा आता सोलारवर चालतो. पूर्वी तो चावीच्या मोठ्या घड्याळासारख्या मशीनवर फिरायचा. दोरीला लोखंडी वजन टांगायचं, ते मनोऱ्यातून हळूहळू खाली उतरायचं आणि त्या ओढीने चाकं फिरायची. हे मशीन चालू करून लोकांना दाखवायचं ठरलं आणि ते माझ्या दुकानात आलं. चार महिने मी दुसऱ्या घड्याळाकडे ढुंकून पाहिलं नाही. बायको म्हणाली, “सवत आणलीत घरात.”

अट एकच. एक फेरा बरोबर तीस सेकंदांत. दिव्याच्या लयीवरून खलाशी दीपगृह ओळखायचे, त्यामुळे त्यात सूट नाही. टेस्टला मनोऱ्याएवढी उंची हवी. महाडात ती कुठून आणू? म्हणून ही खोल विहीर.

वजन सोडलं की फेरे तीस, तीस, तीस. शेवटी मात्र तेहतीस, चौतीस. मी दोनदा गिअर उघडले, तेल बदललं. फरक शून्य.

“राहू द्या. काचेच्या पेटीत ठेवू. तसंही शोभून दिसेल,” साहेब म्हणाले. चालतं घड्याळ मेलेलं दाखवायचं, याहून वाईट काय?

सकाळपासून आम्ही विहीर अडवलेली. आत्या वाडीतल्या बायकांबरोबर रिकामे हंडे मांडून बसली होती.

“सायेब,” ती म्हणाली, “पोहरा पाण्यात असला का हलका, वर काडला का जड. तुमचं वजन खाली पाण्यात बुडतंय. तुमच्या मनोऱ्यात पानी हाय काय?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी विहिरीत पाहिलं.

“मग आता?” साहेबांनी विचारलं.

“आता काय, उपसा. पन वाया नाय घालवायचं. हंडे हायत.”

साहेबांनी बाह्या सरसावल्या. ते, मी आणि त्यांचा ड्रायव्हर आळीपाळीने रहाट ओढत राहिलो. बायका सावलीत बसून हुकूम सोडत होत्या. “सायेब, गळ्यापातूर भरा, अर्धी नको!” वाडीतली कळशी न् कळशी भरली. पाणी दोन हात खाली गेलं.

चौथी टेस्ट. वजन शेवटपर्यंत कोरडं उतरलं. शेवटचा फेरा, तीस. फोड आलेल्या हाताने साहेबांनी पासची सही केली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

गाडी गेल्यावर आत्याला विचारलं, “वजन बुडतंय हे तुला कधी कळलं गो?”

“पयल्याच येळी.”

“मग तीन वेळा गप्प का बसलीस?”

“पयल्या येळी सांगितलं असतं तर सायबानं पानी काडलं असतं काय रे?”

तेव्हापासून टेस्टच्या ठिकाणी गेलो की मी आधी आजूबाजूचे हंडे भरलेले आहेत का ते बघतो. मशीन नंतर.