अंबाडीला, लांब डच शब्दांचा जोर शोधायला

माझी धाकटी बहीण सुजाता डचच्या तोंडी परीक्षेत एकदा नापास झाली होती. पास झाल्याशिवाय नवऱ्याकडे रॉटरडॅमला जायचा व्हिसा नाही. तिची तयारी मी करून घेत होते. मी शाळेत मराठी शिकवते. डच आम्ही दोघी मोबाइलवरून शिकलो. नलूमावशी तिकडच्या इस्पितळात नोकरी करून आता अंबाडीजवळच्या गावी परतली आहे. फोनवर म्हणाली, "समोर येऊन बोला." रविवारी निघालो.

भिवंडीहून वाड्याची एसटी सकाळीच धरा. उशीर केलात तर गोदामांचे कंटेनर पुढे आणि खड्डे खाली. तिकीट शंभराच्या आत. अंबाडी नाक्यावर मिसळ खाल्ली, तिखट पण चांगली. पुढे शेअर रिक्षा.

रिक्षात सुजाता म्हणत होती: झी-कन-हाउस-ऑप-ना-म. रुग्णालयात दाखल होणं, हा एकच शब्द. मी त्यावर वृत्तासारख्या लघु-गुरूच्या खुणा केल्या होत्या. गुरू आला की जोर.

"ताई, परीक्षा आहे, काव्यवाचन नाही."

"खुणेप्रमाणे म्हण."

मावशीने ओटीवर बसून ऐकलं. झी, हाउस, ना. तीन ठिकाणी ठोसे.

"न्हाय गं बाय. एका मांडवात नवरदेव किती? पयला शब्द झीकनहाउस, त्याचा जोर झीवर. जोडशब्दात बहुतेक तोच मोठा. बाकीचे वऱ्हाडी, पाठून गुपचूप येतील."

"आणि दीर्घ अक्षरं?" मी विचारलं.

"लांब असू देत. लांब म्हंजे जोर न्हाय. खुणा कुणी केल्या?"

"मराठीच्या बाईंनी," सुजाता म्हणाली.

मी खोडरबर मागितलं.

दुपारी तांदळाची भाकरी, सुकट आणि पुन्हा शब्द. वो-निंग-बाउ-फर-ए-नि-खिंग, म्हणजे घरं बांधणारी संस्था. जोर वोवर, सुजाताचा मात्र 'ए'वर जाई. मावशीने चहाचा कप मागे ओढला. "नीट म्हण, मंग चहा." चहा गार झाला. सुजाता उठली नाही. शेवटी शब्द एका दमात, उतारावरून यावा तसा आला. मावशीने चहा पुन्हा गरम केला.

परतीची एसटी उभ्याने केली.

परीक्षेला ती एकटीच गेली. मला येऊ दिलं नाही. निकाल आला: पास. आई रडली. मी विमानाचं तिकीट शोधायला बसले. अंबाडीचा तो दिवस आम्ही ज्यासाठी घालवला, ते आता समोर होतं.

"परतीची तारीख काय टाकू?" मी विचारलं.

"रिकामी ठेव," सुजाता म्हणाली.

मी ठेवली.