बेरीज खोडता येत नाही

ही माझी सख्खी धाकटी बहीण. अख्ख्या खानदानात हिच्याइतकं डोकं कुणाला नाही. दुसरा नंबर माझा. मी वेल्डर, दहावीला आपटलेला, म्हणून काय झालं?

ती रक्तपेढीत डेटाबेस सांभाळते. पिशव्यांची नोंद संगणकातल्या एका टेबलात, म्हणजे तक्त्यात, कुठली पिशवी कुठल्या फ्रिजमध्ये ते दुसऱ्यात, रक्तगट तिसऱ्यात. परिचारिकेला सगळं एकाच नजरेत दिसावं म्हणून तिने व्ह्यू बांधला. व्ह्यू म्हणजे खिडकी. स्वतःकडे काही ठेवत नाही, आतलं मोजून दाखवते. ओ निगेटिव्ह, चार.

साहेबाच्या डोक्यात किडा वळवळला. म्हणे, तिथेच चार खोडून तीन लिहिता आलं पाहिजे. ती म्हणाली, सर, चार हा आकडा कुठे ठेवलेलाच नाही, ती बेरीज आहे. खोडली तर चारातली नेमकी कुठली पिशवी गेली, हे डेटाबेसला कसं कळणार? तो नाहीच म्हणणार. यावर साहेब भर बैठकीत बोलला, कामचुकारांना 'नाही'चा पाढा लवकर पाठ होतो. तिने व्ह्यू होता तसाच ठेवला.

मग त्याने दुसऱ्याकडून त्या व्ह्यूची नक्कल काढून वेगळं टेबल करून घेतलं. आता लिहा हवं ते! पण आत पिशवी गेली तरी नकलेला पत्ताच नाही. एका दुपारी ऑपरेशनला बाई, स्क्रीनवर चार पिशव्या, आणि फ्रिज उघडला तर खडखडाट. शेजारच्या पेढीतून रक्त येईपर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाई वाचली. साहेब माझ्या बहिणीवर घसरला. म्हणाला, 'चूक माझी' असं लिहून दे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

घरी आली तर ताटाला हात लावेना. मी म्हटलं, चल, तुझ्या साहेबाला खुर्चीला वेल्ड करून येतो.

"दादा, तू गप्प बस. भांडण माझं आहे, आणि मी लिहून देणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तिला गाडीवरून सोडलं. तिने दाराला कार्ड लावलं, तर लाल दिवा. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. माझं रक्त उसळलं. मी गाडी स्टँडला लावतोय, तेवढ्यात दार आतून उघडलं. जिच्यासाठी व्ह्यू बांधला तीच परिचारिका, एका हातात पिशवी, दुसऱ्याने दार धरलेलं.

"ताई, ही पिशवी काढली. नकलेत लिहू की खऱ्यात?"

"खऱ्यात," ती म्हणाली आणि आत गेली.