दोन पियानो आणि माझे मिटलेले डोळे

मित्रांनो, आज भाचीसमोर मान खाली गेली.

सीताबर्डीला तिचा कार्यक्रम होता. अख्ख्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली सिंफनी तिनं मैत्रिणीसोबत दोन पियानोंवर वाजवली. मी पहिल्याच रांगेत डोळे मिटून बसलो आणि रेकॉर्डिंगवर ऐकलेली व्हायोलिनं, बासऱ्या त्यात शोधत राहिलो.

नंतर जाणकाराच्या तोऱ्यात तिला म्हणालो, "वा! पियानो वाजून राहिले असं वाटलंच नाही!"

तिचा चेहरा उतरला. "मामाजी, मी मधूनमधून तुमच्याकडेच पाहून राहिली होती. एकदा तरी डोळे उघडायचे होते नं."

आत्ता सावनेरहून ताईचा, म्हणजे तिच्या आईचा फोन आला. "कसं वाजवलं गा पोरीनं?"

काय सांगू तिला? मी तर ऑर्केस्ट्राच ऐकून आलो.