पाहुणे ओझरपर्यंत आलेत

माणसाला भविष्य दिसू लागलं आहे, आणि ही दृष्टी त्याला वळूच्या बाबतीत लाभली आहे. वळू अजून वासरू असतो तेव्हाच त्याच्या केसांचा नमुना तपासतात आणि त्याच्या मुली पुढे किती दूध देतील, याचा अंदाज बांधतात. पूर्वी त्या मुली जन्मून, वाढून, विईपर्यंत वाट बघावी लागे. मी याबद्दल थोडंफार वाचलं आहे आणि विज्ञानाशी माझं भांडण नाही. न जन्मलेल्या गाईचं दूध सांगता येतं, हे मला पटतं. प्रमुख पाहुणे किती वाजता येतील, हे मात्र अजून कुठल्याच शास्त्राला सांगता येत नाही.

माझी मोठी बहीण वणीच्या रस्त्यावरच्या एका गावात राहते. तिच्याकडे एकच संकरित गाय. दोनदा भरवूनही ती उलटली होती, म्हणजे गर्भ न राहता पुन्हा माजावर आली होती. भाच्याने सांगून टाकलं होतं, यंदा राहिली नाही तर बाजार दाखवायचा. त्याचं चुकत होतं असं नाही. न विणारी गाय वैरण तेवढीच खाते. बहिणीने वाद घातला नाही. फक्त गाईला पाणी दाखवायला गेली की ती आता पूर्वीपेक्षा उशिरा परत येऊ लागली.

अशात गावच्या दूध संस्थेने जीनोमिक, म्हणजे असा केसांवरून पारखलेल्या वळूच्या कांड्या आणल्या. कांडी म्हणजे गोठवलेल्या रेताची काडीएवढी नळी. ती नायट्रोजनच्या डब्यात ठेवतात, कोमट पाण्यात वितळवतात आणि लगेच वापरतात. एवढ्या कामाला उद्घाटन लागेल असं मला वाटलं नव्हतं. पण कमान उभी राहिली, मांडव पडला, फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर मधोमध वळू आणि भोवती गोलांत संस्थेची मंडळी. वळूच्या फोटोखाली त्याच्या मुलींकडून काय अपेक्षा आहे ते छापलं होतं. बाकीच्यांच्या फोटोखाली नुसती पदं होती.

कार्यक्रमाला त्याच दिवशी माजावर असलेली गाय हवी होती, आणि ते काही पत्रिका छापून जमत नाही. आदल्या संध्याकाळी बहिणीची गाय हंबरू लागली तशी संस्थेचे चेअरमन स्वतः घरी आले.

"आक्का, नशीब काढलं तुमच्या गाईनं. पहिली कांडी तिला."

"सकाळीच भरवाल ना?" बहिणीने विचारलं.

"नऊ वाजता. पाहुणे आले की लगेच."

बहिणीने मला फोन केला आणि मी सकाळी नाशिकहून पोचलो. गाय कमानीखाली लाकडी खोड्यात उभी होती. गळ्यात झेंडूची माळ, शिंगांना गोंडे, शेपटीवर माजाचा चिकट सोट. नायट्रोजनच्या डब्यालाही हळदकुंकू लावलं होतं. नारळ फोडायला एकाने डब्याचं झाकणच निवडलं, तेव्हा डॉक्टरने कसाबसा डबा मागे ओढला. डॉक्टर म्हणजे कांड्या भरणारा माणूस. गावात त्याला सगळे डॉक्टरच म्हणतात.

दहा वाजले, अकरा वाजले. आदल्या संध्याकाळी माजावर आलेली गाय सकाळी भरवायची असते, हे त्या मांडवात सगळ्यांना माहीत होतं.

"डॉक्टर, भरवून घ्या आता," बहीण म्हणाली.

डॉक्टरने चेअरमनकडे पाहिलं. चेअरमनने फोनकडे पाहिलं. "पाहुणे ओझरपर्यंत आलेत. विमानातून उतरलेत."

बारा वाजता पाहुणे ओझरलाच होते. एक वाजता ते ओझरला जेवत होते. गाईने तोवर स्वतःची माळ खाल्ली होती.

"आक्का, थोडी कळ काढा की. गाईला कुठं घाई हाय?"

"तुम्हाला नाय घाई, चेअरमन. तिचं टायमिंग जातं ना."

"लय बोलता बुवा तुम्ही. फुकट कांडी मिळतीये."

पाणी गाईजवळ नेलं तर स्टेजसमोर चिखल होईल म्हणून बादली अडवण्यात आली होती. ती बहिणीने सरळ उचलून नेली. गाय प्यायली आणि चिखल झाला. चेअरमनने त्यावर सतरंजी टाकायला लावली. मग शेणाचा वास येतो म्हणून एका कार्यकर्त्याने गाईच्या मागच्या अंगाला गुलाबाचा स्प्रे मारला. मी खुर्ची उचलून लांब नेली, आणि शेणामुळे नव्हे.

चार वाजता पाहुणे आले. सोबत चिरंजीव होते. त्यांना शेजारची खुर्ची देण्यात आली. आधी सत्कार झाले. मग डॉक्टरने कांडी काढून वितळवली, तेव्हा फोटोवाला म्हणाला, "साहेबांच्या हातात द्या ना." साहेबांनी कांडी दोन बोटांत धरली आणि माईककडे वळले. गुण रक्तातच असावे लागतात, असं ते म्हणाले. चांगल्या बापाची पोरं वाया जात नाहीत, असंही म्हणाले आणि चिरंजिवांकडे पाहिलं. टाळ्या पडल्या. कांडी उन्हात तशीच त्यांच्या हातात होती.

"अहो, ती खराब होईल," मी डॉक्टरला म्हणालो.

"झाली असेल आता," तो हळूच म्हणाला, "पण मागायची कशी?"

भाषण संपल्यावर त्याने तीच कांडी भरली. गाय सकाळपासून हंबरत होती. आता ती अगदी शांत उभी होती. पाहुण्यांना तो शुभशकुन वाटला. बहिणीला त्याचा अर्थ कळला होता. माज उतरला होता.

तीन आठवड्यांनी गाय पुन्हा हंबरली. भाचा व्यापाऱ्याला फोन लावायला निघाला. बहीण म्हणाली, "एकदाच. मग ने." आणि तिने चेअरमनला न सांगता डॉक्टरला बोलावलं. तो सकाळी धारा आटोपताना मोटारसायकलवर आला. मी त्या दिवशी तिथेच मुक्कामाला होतो, चहा घेत ओट्यावर बसलो होतो.

"भारीतली हाय का?" बहिणीने विचारलं.

"नाय आक्का. त्या सगळ्या चेअरमनच्या गोठ्यात गेल्या."

"मग असेल ती टाक."

माझा चहा संपायच्या आत त्याचं काम झालं होतं.

गाय राहिली. यथावकाश कालवड झाली, आणि भाचा आता बाजाराचं नाव काढत नाही. कालवडीचा बाप कोणता वळू, ते डॉक्टरला आठवत नाही.